सुरतेत मला कोणी काम देईना

परदेश कशाला म्हणायचं याची माझी व्याख्या सोपी आहे. जिथल्या दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि जिथे आमटीत साखर असते, तो परदेश. या दोन्ही कसोट्यांवर सुरत पुरेपूर उतरते, त्यामुळे मी परदेशी जाऊन आले असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती आमच्या घरच्यांची.

सुरुवात अमेयच्या फोटोंनी झाली. अमेय म्हणजे माझा मुलगा. पाठीवर सॅक टाकून न्यूझीलंडला गेला आणि तिथे फिरता फिरता मिळेल ते काम करत राहिला. कधी बागेत सफरचंदं तोड, कधी हॉटेलात बशा विसळ. घरी असताना या बाळाने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं. तिकडून बशा धुतानाचे फोटो पाठवायचा, आणि आमचे हे ते फोटो अख्ख्या कऱ्हाडला दाखवत फिरायचे. "बघा, स्वतःच्या पायावर उभा आहे!" मी पस्तीसेक वर्षं बशाच धुतेय, माझा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

एकदा जेवताना मी म्हटलं, "मीही जाणार. अमेयची जुनी सॅक घेऊन. फिरणार आणि मिळेल ते काम करणार."

यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि अगदी मायेने विचारलं, "अगं, पण तुला कोण काम देणार?"

टोमणा असता तर दोन दिवस धुसफुसले असते आणि विसरून गेले असते. पण तो खराखुरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. कॉलेज सुटलं तशी बोहल्यावर चढले. छप्पन्न वर्षांची होईपर्यंत मला कुणी कामावर ठेवलं नव्हतं आणि कुणी काढलंही नव्हतं. आपल्याला कुणी कामावर ठेवेल का, हे कळल्याशिवाय मरायचं नाही, असं मी त्या आमटीपुढेच ठरवलं.

सुरतच का, तर माझं माहेर खानदेशातलं. पारोळ्याजवळ, बोरी नदीच्या काठी, सावखेडं. लहानपणी आमच्या गावात ज्याचं कुठेच काही जमत नसे तो सुरतेला जाई. मॅट्रिकला आपटलेला, भावाशी भांडलेला, बायकोने बोलणं टाकलेला. हातात एक पिशवी घेऊन गाडीत बसायचा आणि पुढच्या वर्षी नवी पँट घालून यायचा. "सुरतले दगडलेबी काम भेटस," असं माझी आई म्हणायची. सुरतेत दगडालाही काम मिळतं. मग मी काय दगडाहून गेलेली?

फक्त निघायच्या घाईत मी कॅलेंडर बघितलं नाही. तिथेच माती खाल्ली.

उधना

उधना स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळीच ऊन मी म्हणत होतं. जवळच्या एका बायकांच्या वसतिगृहात खाट मिळाली. तिथल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दवाखान्याचं काम आहे का?" म्हटलं, नाही, काम शोधायचं आहे. त्यांनी पंखा जोरात केला आणि मला पाणी आणून दिलं. मला ऊन लागलंय अशी त्यांची समजूत झाली असणार.

बाहेर कोपऱ्यावर लोचोची लारी, म्हणजे हातगाडी होती. लोचो म्हणजे दिसायला फसलेला ढोकळा. चमच्याने ओरबाडून काढतात, वर तेल, शेव, कांदा आणि कसलीशी हिरवी चटणी. पहिल्या घासाला वाटतं, याला उलथनं लावता आलं नाही म्हणून असा विकतोय. तिसऱ्या घासाला वाटतं, घरचा ढोकळा आपण उगाच चौकोनी कापत बसतो. खाऊन झाल्यावर मी लारीवाल्याला सरळ विचारलं, "भाई, काम मिलेगा? प्लेट धोएगी मैं."

माझं हिंदी असंच आहे. सांभाळून घ्या.

लारीवाला हादरलाच. "अरे बेन, तमे बेसो ने!" म्हणून त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं, स्टुलावरचा फडका झटकला आणि आणखी एक प्लेट माझ्या हातात दिली. तिचे पैसे घेईना. पुन्हा काम मागितलं तर वरून शेव वाढली. त्याच्या मते सुनेने घराबाहेर काढलेली सासू असावी मी. सून मला मिळायचीय अजून, हे त्याला कुठल्या भाषेत सांगणार? शेवटी तो दक्षिणेकडे हात करून म्हणाला, "तमारा मराठी लोको पांडेसरामां. त्यां जाव."

रात्री यांचा फोन. "काम मिळालं का गं?"

"लोचो मिळाला."

"बरं, जिऱ्याचा डबा कुठला?"

पांडेसरा

पांडेसऱ्यात कापड रंगवायचे कारखाने एकाला लागून एक आहेत. त्या दिवशी कुठला रंग चालू आहे ते गटारीकडे पाहून कळतं. मी गेले त्या दिवशी राणी होता. गल्लीत शिरले आणि कान टवकारले. उंबऱ्याउंबऱ्यावर बायका अहिराणी बोलत होत्या, माझ्या आईची भाषा, आणि त्यांची पोरं त्यांना गुजरातीत उत्तरं देत होती. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

एका दारात साड्यांचा ढीग होता. ढिगाआड साधारण माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. साडीच्या काठावर गोंदाचा ठिपका द्यायचा आणि त्यावर काचेचा खडा बसवायचा, असं त्यांचं काम चाललं होतं. या खड्यांना इथे सगळे डायमंड म्हणतात. बाईंचं नाव सुशीलाबाई. नवरा रंगाईच्या मिलमध्ये, त्या घरी डायमंडचं काम घेतात, मदतीला गल्लीतल्या दोन बायका. त्या दोघी नेमक्या गावी गेलेल्या आणि साड्या न्यायला मार्केटमधला माणूस येऊ घातलेला. हे सगळं त्यांनी मी चप्पल काढेपर्यंतच सांगितलं. मला मनातून उकळ्या फुटल्या. काम आहे, हात नाहीत, आणि माझे दोन हात रिकामे!

"मला द्या की काम," मी म्हटलं.

"देते ना बाई, कालची वाट बघतेय," म्हणत त्यांनी गोंदाची वाटी माझ्याकडे सरकवली. सरकवता सरकवता सहज विचारलं, "कोनता गावनी शे वं तू?"

इथे मी कऱ्हाड म्हणायला हवं होतं. पण अहिराणीत विचारलेल्या प्रश्नाला तोंडातून अहिराणीच निघाली. "सावखेडानी."

वाटी तिथेच थांबली. "सावखेडानी? कोनी आंडेर?"

आंडेर म्हणजे लेक. मी वडिलांचं नाव सांगितलं, माझंही, इंदू. सुशीलाबाईंच्या चुलतसासूचं माहेर आमच्या शेजारच्या गल्लीतलं निघालं. त्यांनी गोंदाची वाटी मागे ओढली आणि पदर सावरून ओरडल्या, "अगं ए, सावखेडानी आंडेर उनी! आखाजीले उनी!"

उनी म्हणजे आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाजी!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी सोनं आठवतं, खानदेशाला लेकी आठवतात. सासरी नांदणाऱ्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात, आणि त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. गावची लेक ती सगळ्यांचीच लेक. कऱ्हाडला आखाजी नसते. तिथे राहून माझ्या लक्षातूनच गेली होती. आणि अख्ख्या वर्षात नेमका हाच आठवडा निवडून मी खानदेशी गल्लीत काम मागायला आले होते!

"अहो, पण तुम्हाला हात हवेत ना?" मी म्हटलं.

"आखाजीना सनले आंडेरले कामले लावू? देव काय म्हनी?"

पुढचं काय सांगू. या घरी चहा, त्या घरी शेवभाजी, तिसरीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याने की आईच्या आठवणीने, ते सांगता येणार नाही. आणि प्रत्येक घरून निघताना ओटी. ब्लाउजपीस, तांदूळ आणि नारळ. अमेयच्या सॅकमध्ये न्यूझीलंडला काय काय गेलं असेल ते असो, पण इतके नारळ गेले नसणार. वसतिगृहात परतले तेव्हा खांदा उतरला होता आणि काम काडीचं केलं नव्हतं.

यांचा फोन आलाच. "मिळालं?"

"नारळ मिळाले."

"विकायचे?" यांनी उत्सुकतेने विचारलं. मी फोन ठेवला.

कामरेज

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कामरेजला गेले. हायवेवरचं गाव, आजूबाजूला ऊस आणि भाज्यांची शेतं. सकाळी नाक्यावर मजूर उभे राहतात आणि टेम्पो येऊन घेऊन जातात, असं वसतिगृहातल्या बाईंनी सांगितलं होतं. मी मनाशी गाठ मारली. गाव कऱ्हाड, भाषा पुस्तकी, अहिराणीचा एक शब्द काढायचा नाही.

मुकादमाने विचारलं, "क्यां ना?"

"कऱ्हाड."

"ए क्यां आव्युं? कर्णाटकमां?"

"हां, उधरच," मी म्हटलं. एवढ्यावर मला टेम्पोत जागा मिळाली. खरं सांगते, बायकांच्या दाटीत, विळ्या-पाट्यांच्या मध्ये उकिडवी बसले तेव्हा मी हवेत होते. अमेयला सफरचंदं तर मला भेंडी. काय वाईट?

भेंडीबद्दल आपण शहाण्या बायका फार बोलतो. कोवळी कशी ओळखावी, टोक मोडून बघावं, वगैरे. तिचं झाड काय चीज आहे ते शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पानांना, देठांना, खुद्द भेंडीला बारीक लव असते आणि ती कातडीत शिरते. बाकीच्या बायकांनी नवऱ्यांचे जुने फुलशर्ट घातले होते, बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी आपली अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवर. पहिली ओळ संपेतो कोपरापर्यंत आग. दात आवळून दुसरी ओळ धरली. घाम पुसायला तेच हात मानेवर फिरवले आणि तोंडातून निघून गेलं, "ओ माय वं! मरनू वं माय!"

पुढच्या ओळीतली बाई ताठ झाली. काळीसावळी, उंच, डोक्याला टॉवेल. नाव लताबाई. अमळनेरकडची, नवऱ्यासोबत बरीच वर्षं इकडेच. ती माझ्याकडे वळली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "तू कर्नाटकनी नही वं!"

मार लागला की माणूस आईच्याच भाषेत ओरडतो, त्याला माझा काय इलाज?

मग व्हायचं तेच झालं. बाकीच्याही बहुतेक तिकडच्याच निघाल्या. "आखाजीना आठोडामा आंडेर भेंडी तोडी ऱ्हायनी!" असा गलका झाला. मला धरून बांधावरच्या निंबाखाली बसवलं, हातांना ताक लावलं. मी उठले की कुणीतरी लांबूनच ओरडे, "बस वं माय!" माझ्या वाटणीची ओळसुद्धा त्यांनीच आपापसात वाटून घेतली. मुकादम डोक्याला हात लावून बघत राहिला.

दुपारी भाकरी सोडल्यावर मी लताबाईला चिडूनच विचारलं, "मग तू का गेली नाहीस माहेरी? तू नाहीस का कुणाची लेक?"

ती हसली. तिचे आई-वडील गेले, घर पडलं, भाऊ इकडेच, सुरतेजवळच्या सचिन गावी मिलमध्ये. आता जायचं कुठे? निंबाची काडी दाताखाली धरून ती म्हणाली, "तुले बसाडं ना, तं मीच बसनू असं वाटनं."

तुला बसवलं, तर मीच बसले असं वाटलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मुकाट्याने निंबाखाली बसून राहिले आणि ती उन्हात माझी ओळ तोडत राहिली. तेवढं बसणं मला फार जड गेलं.

निघताना ओटी भरायची तर शेतात नारळ कुठून आणणार? त्यांनी भेंडी भरली. पदरभर कोवळी भेंडी. तीही सॅकमध्ये गेली, नारळांवर.

पुन्हा पांडेसरा

आखाजीच्या दिवशी सुशीलाबाईंनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. गल्लीत झाड नाही, म्हणून जिन्याच्या लोखंडी तुळईला दोर बांधून झोका केला होता. बुडाखाली उशी, ती माझ्या वयाकडे पाहून. गल्लीतल्या पोरींनी झोके दिले, बायकांनी गाणी म्हटली, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या आल्या. खापरावरचे मांडे होते, धोतरासारखे पातळ आणि ताटाबाहेर लोंबणारे. असा मान मला सासरी कधी मिळाला नाही, आणि माहेरी तर आता कुणी उरलं नाही.

आणि समोर सुशीलाबाई डायमंड लावत होत्या. सण असून. ढीग जेमतेम निम्म्यावर आला होता. उद्या संध्याकाळी माणूस येणार. साड्या तयार नसल्या तर तो दुसऱ्या गल्लीत काम देणार आणि मग पुढचं काम मिळायला दिवाळी उजाडणार. त्या मान वर करत होत्या ती फक्त "रस घे ना वं अजून" म्हणायला. मी झोक्यावर पुढे गेले की त्यांची वाकलेली मान जवळ यायची, मागे गेले की लांब जायची. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला माझा तोल सुटला. म्हणजे मनाचा. झोका पाय टेकून थांबवला.

"सुशीलाबाई, पुरे झाला मान! घरी मी राबते त्याला कुणी काम म्हणत नाही, आणि इथे काम मागते तर कुणी राबू देत नाही. मी एवढ्या लांब नारळ गोळा करायला आले का? मला एकदा, एकदा तरी कुणीतरी कामावर ठेवा हो!"

मी रडले. छप्पन्नाव्या वर्षी, झोक्यावर, तोंडाला आमरस लागलेला असताना. गाणी थांबली. सुशीलाबाईंनी गोंदाचे हात लुगड्याला पुसले, माझ्याजवळ आल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आंडेर शे तू. मी कशी सांगू तुले काम?"

त्यांचीही जीभ अडत होती. रीत ती रीत.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याला मांडेही थोडे कारण होते. पहाटेकडे एकदम सुचलं आणि मी अंधारात एकटीच हसले.

सकाळी पांडेसऱ्याला गेले. गटार आज मोरपंखी होती. गल्लीच्या तोंडाशी मी डोक्यावरून पदर घेतला, चांगला कपाळापर्यंत, आणि सुशीलाबाईंच्या दारात जाऊन खाली मान घालून उभी राहिले.

"काय वं, इंदू, हे काय सोंग?"

"इंदू काल गेली," मी म्हटलं. "आखाजी झाली, लेक सासरी गेली. मी कऱ्हाडची सून. आणि सुनेला कामाला लावायला खानदेशात मुहूर्त लागत नाही."

सुशीलाबाई जे हसायला लागल्या ते भिंतीला टेकून खाली बसल्या. हसता हसता डोळे पुसले, उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि खऱ्या सासूच्या आवाजात म्हणाल्या, "मग दारमा काय उभी? हे काय येवानी येळ शे? बस खाले!"

गोंदाची वाटी माझ्यापुढे आली.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या. "मजुरी सगळ्यांना देते तीच. सुनेला नारळ नाही."

"नकोच आहे," मी म्हटलं.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. गोंद जास्त झाला तर कापडावर डाग, कमी झाला तर खडा झडतो. माझी पहिली वेल अशी निघाली की जणू दारू पिऊन घरी चालली आहे. सुशीलाबाईंनी ती उजेडात धरली. "आंधळी शे का वं? काढ सगळं!" मी नखाने एकेक खडा काढला आणि पुन्हा बसवला. तुम्हाला खोटं वाटेल, पण ती बोलणी खाताना मला गार वाटत होतं. पाहुणीला कोण रागावतं? रागावतात ते कामावरच्या माणसाला.

दुपारपर्यंत ढीग कमरेखाली आला. शेजारच्या दोघी-तिघीही येऊन बसल्या. बोटांना गोंदाची सालं सुटली होती, कमरेचा काटा ढिला झाला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुशीलाबाईंनीच बोटाच्या मागच्या पेराने तो सुरू करून जमिनीवर ठेवला, आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अगं, ऐक," हे म्हणाले, "तो साबुदाणा कुठल्या डब्यात..."

"अहो, मी कामावर आहे. नंतर करा."

या फोनने मला देवळात गाठलंय, दवाखान्यात गाठलंय, दाढ काढताना तोंडात चिमटा असतानाही गाठलंय. "नंतर सांग" हे शब्द यांच्या तोंडून कधी आले नव्हते. सगळ्या बायकांचे हात थांबले होते.

"हो का?" हे म्हणाले. आवाज बदललेला. "बरं, बरं. सॉरी हं. तू कर तुझं काम." आणि फोन ठेवला.

मी फोनकडे बघत राहिले.

"झाया का फोन?" सुशीलाबाई खेकसल्या. "मग हात चालाड!"

मी पदर पुढे ओढला आणि पुढचा खडा लावला. या वेळी सरळ.